मशीन नाही, मेमरी बिगडली: झाडीपट्टीतल्या एका ऑर्गनचं प्रकरण

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "गुरुजी, मशीन बिगडली नाही जी, मेमरी बिगडली." मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येत होता, म्हणजे मंडपाचं सामान निघालं होतं आणि नाटक नुकतंच संपलं होतं.

बोलणारे आमच्या भागातल्या एका नाटक कंपनीचे ऑर्गनवादक. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. भजनात पेटी वाजवतो, थोडाफार कीबोर्ड येतो, आणि आसपासच्या वादकांपैकी लॅपटॉप माझ्याकडेच असल्यामुळे 'फाइलवाले गुरुजी' अशी एक उपाधी नकळत चिकटली आहे.

भाऊबीज झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत नाटकं लागतात. धान कापून शेतं मोकळी झालेली असतात. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, गावात रात्री नाटक हवंच. देसाईगंज म्हणजे वडशाला कंपन्यांची ऑफिसं, तिथे बुकिंग होतं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत प्रयोग चालतो. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव जरा नीट ऐकू आलं. आतल्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पोस्टरवर अजूनही 'ऑर्गन' असंच छापतात, पायपेटीच्या काळापासूनचा शब्द आहे तो. प्रत्यक्षात भाऊंसमोर असतो यामाहाचा पीएसआर-एस९७०. २०१५ सालचं मॉडेल, ६१ पट्ट्या, त्यांनी नागपूरहून जुना घेतलेला. डाव्या हाताने कॉर्ड धरला की ठेका, बेस, साथीची वाद्यं त्या कॉर्डमागे चालतात. त्या तयार साथीला स्टाईल म्हणायचं. उजव्या हाताचा आवाज, पट्टी, लय, स्टाईल, पॅड (दाबताच ठरलेला आवाज देणारी बटनं) हे सगळं एका बटनात बांधून ठेवता येतं, ते रजिस्ट्रेशन. अशी आठ बटनं मिळून एक बँक होते. भाऊंच्या एका नाटकाला पाच-सहा बँका लागतात, कारण लावणी, कव्वाली, विनोदी पात्राची एन्ट्री, खलनायकाची एन्ट्री, आईच्या मरणाचा प्रसंग, वीज कडाडणं, सगळं त्यांच्या बोटाखाली असतं. हंगामात साठ-सत्तर रात्री, आणि कंपनीची नाटकं तीन-चार. आठवणीवर भागण्यासारखं हे काम नाही.

त्या रात्री काय झालं

प्रयोग आरमोरीच्या पुढच्या एका गावात होता. दुसऱ्या अंकात लावणी. भाऊंनी तिसरं बटन दाबलं. आवाज बरोबर आला, पट्टीही आली, पण ठेका मात्र आधीच्या भजनाचाच चालू राहिला. नर्तिकेने पाऊल टाकलं आणि खाली भजनी ठेका. ऑक्टोपॅडवाल्याने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणाऱ्याने, क्षणात ढोलकी उचलली म्हणून गाणं तरलं. पुढे खलनायक हात वर करून उभा राहिला, भाऊंनी विजेचं पॅड दाबलं, काहीच नाही. त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा काही नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ऑर्गनवाला झोपला काय बे?"

सकाळी भाऊ तडक माझ्याकडेच आले, मशीन मोटरसायकलला बांधून. हे मला पटलं नाही, दोन-दोन गाद्यांत गुंडाळली होती तरी.

आधी काय काय झालं होतं

चहा पिता पिता सगळं बाहेर आलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्यांत. माणूस 'मी काही केलं नाही'पासून सुरुवात करतो, तसंच.

दिवाळीआधी दोन पट्ट्या वाजेनाशा झाल्या होत्या. आतलं रबर धुळीने खराब होतं, नेहमीचंच. मशीन मेकॅनिककडे गेली. त्याआधी भाऊंनी शहाणपणा केला आणि 'बॅकअप' घेतला. मशीनच्या आतल्या मेमरीत, म्हणजे यूझर ड्राइव्हमध्ये, ज्या स्टाईली आणि बँका होत्या त्या पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या. पेन ड्राइव्ह नवीन होती, ६४ जीबीची, बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच्या टपरीतून स्वस्तात मिळालेली. आत फोल्डर बरेच झाले होते, म्हणून त्यांनी आवराआवरही केली: प्रत्येक फोल्डरात शिरून सगळ्या फाइली निवडायच्या आणि पेन ड्राइव्हवर एकाच मोठ्या फोल्डरात टाकायच्या. अधूनमधून मशीनने विचारलं की याच नावाची फाइल आधीच आहे, वरून लिहू का? भाऊंनी दर वेळी हो म्हटलं.

मग जागा शिल्लक आहे म्हणून त्यांनी त्याच ड्राइव्हवर नाटकांचे व्हिडिओ भरले. सगळ्यात शेवटी, जुन्या ४ जीबीच्या पेन ड्राइव्हवरचे वीज, घोडा, बंदूक, देवळाची घंटा असे इफेक्ट कट करून इकडे पेस्ट केले. कॉपी नाही, कट.

मेकॅनिकने पट्ट्या नीट केल्या. तपासण्यासाठी फॅक्टरी रिसेट मारला, त्यात फाइली-फोल्डरच्या खान्यालाही टिक केली. आणि प्रेमाने, पैसे न घेता, नवे इंडियन टोन, म्हणजे देशी वाद्यांचे आवाज, टाकून दिले.

मशीन घरी आली. भाऊंनी पेन ड्राइव्हवरचा तो मोठा फोल्डर जसाच्या तसा आत ओतला. बँका दिसल्या, नावं बरोबर. घरी दोन-चार बटनं दाबून पाहिली, आवाज बदलला, समाधान झालं. घरी कोणी लावणी नाचत नव्हतं.

पत्ता आणि घर

मला पहिला उलगडा झाला तो इथे, आणि या प्रकरणाचा गाभाही हाच आहे. रजिस्ट्रेशनच्या फाइलीत स्टाईल नसते. स्टाईल कुठे ठेवली आहे तेवढं लिहिलेलं असतं: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. आवाज, पट्टी, लय ही माहिती तिच्यात खरोखर असते, म्हणून ती आली. स्टाईलचा फक्त पत्ता असतो. भाऊंनी पत्त्यांची वही जपली आणि गावातली सगळी घरं उचलून एकाच माळावर नेऊन ठेवली. पोस्टमन जुन्या दारात गेला, तिथे कोणी नव्हतं, तो परत आला, आणि आधीचाच ठेका चालू राहिला. मशीनने तक्रारही केली नाही.

विजेच्या पॅडचंही तेच. या मॉडेलात पॅडला (मल्टी पॅडला) वेव्ह फाइल, म्हणजे आवाजाची फाइल, जोडता येते, पण पॅडच्या फाइलीत आवाज भरला जात नाही, तिथेही फक्त जोडणी असते. जुन्या ड्राइव्हवरून इफेक्ट हलले, जोडणी तुटली.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी चोरून नाही नेलं, फक्त सरकवलं, अन् तरी बी गेलं?" होय. आणि हेच मला त्यांच्या जागी कळलं असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मोबाइलवर फोटो एका फोल्डरातून दुसऱ्यात नेला तर फोटो फोटोच राहतो. आपली सगळी सवय तिथली आहे.

उपाय सोपा वाटत होता: जुने फोल्डर जुन्याच नावाने पुन्हा करायचे, स्टाईली आपापल्या घरी ठेवायच्या. अडचण एकच, फोल्डरांची नावं कोणाला आठवत होती? भाऊंनी पाच सांगितली, त्यातल्या तीन नावांच्या स्पेलिंगबद्दल खात्री नव्हती.

दरम्यान पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावली आणि दुसरं दुखणं उघडं पडलं. स्टाईली उघडत होत्या, काही व्हिडिओ चालत होते, पण पुढचे व्हिडिओ आणि सगळे इफेक्ट मुके. नाव दिसतं, आकार दिसतो, उघडत काही नाही. अशा ड्राइव्हची क्षमता तपासायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून पाहतो. आधी तिच्यातलं वाचण्याजोगं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि मग तपासणी लावली. ६४ लिहिलेल्या ड्राइव्हमध्ये खरी जागा आठ जीबीच्याही आत निघाली. अशा बनावट ड्राइव्ह आपण मोठ्या असल्याचं कॉम्प्युटरला सांगतात. जागा संपली तरी लिहून घेतल्याचं नाटक करतात. स्टाईली आधी कॉपी झाल्या होत्या म्हणून वाचल्या. व्हिडिओंनी खरी जागा खाल्ली, आणि शेवटी आलेले इफेक्ट हवेत गेले.

तिसरं दुखणं टोनचं. भाऊंच्या जुन्या टोनमध्ये ढोलकीचा एक संच होता, त्यांच्या अर्ध्या स्टाईली त्यावर बांधलेल्या. स्टाईल सापडली तरी बेस आणि कॉर्ड तेवढे चालत, ढोलकी गप्प. कारण असे बाहेरचे टोन एक्सपान्शन पॅक म्हणून बसवतात, आणि या मॉडेलात नवा पॅक बसवला की जुना आपोआप निघून जातो. मेकॅनिकने टोन 'वाढवले' नव्हते, बदलले होते. त्याचा हेतू चांगला होता हे मी भाऊंना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

मुलीकडची पेन ड्राइव्ह

मी सहज विचारलं, ती जुनी ४ जीबीची कुठे आहे? ती मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेली होती. दहावीला आहे. दुपारी मुलगी स्वतःच सायकलवर घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, माझा प्रोजेक्ट डिलीट नका करजा."

तिच्या पीडीएफच्या शेजारी दोन फाइली होत्या. एकीच्या नावाच्या शेवटी पीपीआय, दुसरीच्या शेवटी बीयूपी. भाऊंना या काय आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या हलवल्या नव्हत्या. जे ओळखीचं होतं ते सगळं त्यांनी कट-पेस्टमध्ये घालवलं, आणि जे ओळखीचं नव्हतं ते शाबूत राहिलं.

पीपीआय म्हणजे जुन्या टोनची इन्स्टॉल फाइल. बीयूपी म्हणजे मशीनचा पूर्ण बॅकअप. दोन वर्षांपूर्वी टोन टाकणाऱ्या माणसाने काम सुरू करण्याआधी खबरदारी म्हणून घेतला असावा आणि सांगायचं विसरला असावा. हा बॅकअप मशीनच्या मेनूतूनच घेतात. यूझर ड्राइव्हवरच्या फाइली आणि मशीनच्या सेटिंग एका फाइलीत बांधल्या जातात. दोन गोष्टी मात्र त्यात येत नाहीत: एक्सपान्शन टोन-स्टाईली आणि विकत घेतलेली संरक्षित गाणी. म्हणून त्या माणसाने दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या होत्या. मला तो माणूस भेटलेला नाही, पण आवडला.

भाऊ लगेच म्हणाले, "मग टाका ना जी परत." इथे मी हात धरला. तो बॅकअप दोन वर्षं जुना. त्यानंतर बसवलेली दोन नाटकं त्यात नाहीत. आणि रिस्टोअर म्हणजे भर घालणं नव्हे, यूझर ड्राइव्हवर आज जे आहे ते काढून त्या दिवशीचं आणून ठेवणं. आज जे आहे ते विस्कटलेलं असलं तरी त्यात नव्या नाटकांच्या बँका होत्या, आणि रिसेटनंतर केलेल्या दुरुस्त्याही.

म्हणून क्रम असा ठरवला. माझ्याकडच्या खात्रीच्या पेन ड्राइव्हवर आजचं सगळं उतरवलं, फोल्डरांसकट, आणि लॅपटॉपवर त्याची आणखी एक प्रत. मग रिस्टोअर. मशीन बंद होऊन चालू झाली आणि यूझर ड्राइव्ह उघडला तर दोन वर्षांपूर्वीचं घर जसंच्या तसं उभं होतं: नऊ फोल्डर, प्रत्येकाचं नाव दिसतंय. भाऊंनी जुन्या नाटकाची बँक उघडून तिसरं बटन दाबलं आणि ठेका बदलला. तेवढ्यात चहा आला तो तसाच थंड झाला.

बॅकअपमधला माल जुना होता, पण त्याने पत्ते सांगितले, आणि आम्हाला पत्तेच हवे होते. प्रत्येक फोल्डरचा मोबाइलवर फोटो काढला. मग आजच्या बँका आणि दुरुस्त्या परत आत घेतल्या, आणि नंतरच्या स्टाईली त्यांच्या फोल्डरांत.

दोन नव्या नाटकांचे फोल्डर मात्र बॅकअपनंतरचे, त्यांची नावं कुठेच नव्हती. एक भाऊंना पक्कं आठवलं. दुसरं 'नवीन' होतं, पण रोमन अक्षरांत. एका आयने की दोन ईंनी? व्ही की डब्ल्यू? मशीनला 'नवीन' कळत नाही, अक्षरं कळतात. फोल्डरला एक नाव द्यायचं, बटन दाबायचं, भजनच वाजतं का पाहायचं, पुन्हा नाव बदलायचं. चौथ्या स्पेलिंगला कव्वालीचा ठेका लागला. भाऊ म्हणाले, "दोन ई होते बाप्पा! मराठीत बी मी दीर्घच लिवतो." मास्तर म्हणून मला बरं वाटलं.

मग पीपीआय. इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर काय, या भीतीने ते दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी केलं, माझ्या इन्व्हर्टरवर. जुनी ढोलकी परत आली. मेकॅनिकच्या पॅकमधली एक शहनाई भाऊंना आवडू लागली होती, ती गेली. दोन्ही पॅकच्या मूळ, म्हणजे इन्स्टॉल फाइल बनवण्याआधीच्या, फाइली असत्या तर यामाहाच्या एक्सपान्शन मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये एकत्र करून एकच इन्स्टॉल फाइल बनवता आली असती. आमच्याकडे मूळ फाइल एकाही पॅकची नव्हती.

इफेक्टचं काम कंटाळवाणं होतं. सगळे मिळून एकतीस, एकही उघडत नव्हता. बहुतेक दुसऱ्या कंपनीच्या ऑर्गनवाल्याने दिले. हंगामात स्पर्धा असते, तरी वीज आणि घोडा कोणी नाकारत नाही. त्याने व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवले आणि मशीनने ते पॅडला जोडायला नकार दिला. तिथे वेव्हच लागते, तीही ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. ऑडासिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये एकेक उघडून तसं करून घेतलं. पुढे त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' सांगितलं, म्हणजे वाटेत फाइल दाबली जात नाही. बंदूक काही मिळाली नाही. ती आता ऑक्टोपॅडवाला वाजवतो आणि आधीपेक्षा बरी वाजते.

एक गोष्ट कायमची गेली. दोन वेगवेगळ्या फोल्डरांत 'लावणी' याच नावाच्या दोन स्टाईली होत्या. सगळं एका फोल्डरात ओतताना 'वरून लिहू का'ला 'हो' म्हटलं आणि एकीने दुसरीला गिळलं. गिळली गेली ती बॅकअपनंतर बनवलेली. मी मशीनमधल्याच स्टाईल क्रिएटरमध्ये जवळपास तशी करून दिली. भाऊ म्हणतात, तो दाणा नाही.

आता काय करतात

यूझर ड्राइव्हवर प्रत्येक नाटकाचा एक फोल्डर, त्यातच त्याच्या स्टाईली, पॅड, वेव्ह आणि बँका. फोल्डरचं नाव हंगाम संपेपर्यंत बदलायचं नाही. आतली जागा मोजक्याच एमबींची, म्हणून लांबलचक वेव्ह पेन ड्राइव्हवर. ती ड्राइव्ह मशीनलाच लावलेली राहते आणि तिच्यावर मशीनशिवाय दुसरं काही नाही. व्हिडिओ तर नाहीच नाही. स्टाईलच्या नावात नाटकाच्या नावाची पहिली दोन अक्षरं, म्हणजे दोन लावण्या पुन्हा भेटणार नाहीत.

नवं नाटक उभं राहिलं की आणि मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, बीयूपी घ्यायचा. फाइलीच्या नावापुढे तारीख. शेजारी पीपीआय. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, एक दुकानातून बिल घेऊन आणलेल्या आणि तपासलेल्या ड्राइव्हवर, भाऊंच्या घरी. प्रयोग चालू असताना काही सेव्ह करायचं नाही. वीज जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतचे ते काही सेकंद फाइलीला पुरेसे असतात. मशीनला आता छोटा यूपीएस आहे, तो कंपनीच्या मालकाने घेऊन दिला. त्या रात्री खलनायकाचं काम त्यांनीच केलं होतं.

बॅकअप खरा आहे की नाही ते रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी सुचवलं की त्या दुसऱ्या कंपनीच्या वादकाकडेही हेच मॉडेल आहे, त्याच्या मशीनवर एकदा टाकून पाहू. आधी त्याचा बॅकअप घेऊ, मग आपला टाकू, मग त्याचा परत. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, आपला ऑर्गन पेटीत घातला आणि म्हणाला, "होळीनंतर पाहू जी गुरुजी."

मुलीची जुनी पेन ड्राइव्ह भाऊंनी परत दिली नाही. तिला नवी आणून दिली, प्रोजेक्ट कॉपी करून. कॉपीच केला ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं.